जिन्याखालचा पाठ

खडकीच्या एका शाळेत मी दुसरीला शिकवत होते. प्राणी नवीन गोष्टी कशा शिकतात, हा पाठ चालू असताना एका मुलीने विचारलं, "बाई, मांजराला उंदीर पकडायला कोण शिकवतं?"

महिन्याभरापूर्वीच जिन्याखालच्या मोडक्या बाकांमागे एक मांजरी व्याली होती. पिल्लं आता उड्या मारू लागली होती. मी वर्ग उठवला आणि व्हरांड्यात लांब बसवला. सगळ्यांच्या तोंडावर बोट. मांजरीने अर्धमेला उंदीर आणून पिल्लांपुढे सोडला. एक पिल्लू झेपावलं, उंदीर निसटला. आईने तो पकडून परत त्याच्याच पुढ्यात ठेवला. तो पुन्हा निसटला. तिने पुन्हा आणला.

"बाई, ती त्याला ओरडतच नाही," एकजण कुजबुजला.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. कुणीतरी घरी जेवताना उंदराचं साग्रसंगीत वर्णन केलं होतं. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं.

"हे काय चाललंय?"

"पाठ शिकवतेय."

"पाठ पुस्तकात आहे, बाई. उंदीर नाहीये. उद्या शिपाई पिल्लं मंडईत सोडून येईल."

"नाही येणार," मी म्हणाले. "माझ्या मुलांचं बघून झालेलं नाही."

"तुम्हाला विचारत नाहीये मी."

"मीही विचारत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्ग जिन्यातच भरवला. शिपाईमामा पोतं घेऊन आले. सगळी मुलं बाकांना पाठ लावून बसलेली. "मला कशाला मध्ये घालता?" असं पुटपुटत मामा आल्या पावली परत गेले. मग मुख्याध्यापिका स्वतः आल्या. मी मुलांना सातचा पाढा म्हणायला लावला. तो संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

पिल्लं तिथेच राहिली. पुढे एकाने पाल पकडली तेव्हा मुलांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, की घाबरून त्याने ती सोडून दिली.

जूनमध्ये माझा वर्ग काढून घेतला. मला वरच्या मजल्यावर पहिली दिली. म्हणे, तिथे जिन्याखालचा कोपरा नाही. खिडकी मात्र होती, आणि बाहेरच्या झाडावर कावळ्याचं पिल्लू पंख फडफडवत या फांदीवरून त्या फांदीवर धडपडत होतं. मी मुलांना खिडकीशी उभं केलं. मुख्याध्यापिका दारात येऊन थांबल्या.

"जरा सरका रे," मी मुलांना म्हणाले, "मॅडमनाही दिसू दे."