कॅनडाच्या गाडीला अमेरिकेचं पुस्तक

शनिवार, १६ मार्च २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. बाथर्स्टच्या अलीकडच्या एका गावात, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर, क्लिपबोर्ड घेतलेल्या एका गृहस्थांनी माझ्या भाचीच्या गाडीचं बॉनेट उचललं, इंजिनाकडे पाहिलं आणि फॉर्मवर 'मूळ स्वरूपात नाही' असा शेरा मारला. ती जुनी गाडी पुन्हा उभी करण्याचं तिचं सहा वर्षांचं काम चार मिनिटांत निकालात. सिडनीहून हा प्रवास ज्यांना करायचा असेल त्यांच्यासाठी रस्ता, खाणं, तिकीट सगळं लिहिते, पण हेही वाचावं लागेल.

भाची म्हणजे केतकी, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. २००७ साली हजारो मुलांसारखी तीही स्वयंपाकाच्या कोर्सला सिडनीला आली. स्वयंपाक अजून येत नाही, पण अपघातात चेपलेल्या गाड्या सरळ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. राहते सिडनीतल्या हॅरिस पार्क या भागात. तिथे सध्या विद्यार्थ्यांचा पूर आला आहे. दुकानाच्या काचेवर चिठ्ठी पाहिली, 'रूम, फक्त व्हेज मुलगी'. केतकी म्हणाली, ती रूम म्हणजे पडदा लावलेली बाल्कनी. घरमालक आपलेच, जिलेबीही आपलीच, आणि शिळेपणा दोन्हींत.

सकाळी सहाला निघालो. गाडी चौसष्ट सालची, कॅनडात बनलेली, गडद निळी. स्टेअरिंग डावीकडे, त्यामुळे मी उजवीकडे, समोर चाक नसलेल्या ड्रायव्हरसारखी. समोरून येणारे लोक घाबरून माझ्याकडे बघत होते. तात्पुरता परवाना फक्त या तपासणीपुरता होता. प्रदर्शन भरवणाऱ्या जुन्या गाड्यांच्या क्लबने गाडी मूळ स्वरूपात आहे असं लिहून दिलं तर ऐतिहासिक गाड्यांची नंबरप्लेट मिळणार, नाही तर ती गॅरेजमध्येच उभी राहणार.

एम-फोर मोटरवे सोडला की ग्रेट वेस्टर्न हायवे. कटूम्बाला ज्या कड्यासाठी बसेस भरून माणसं येतात, तिथे धुकं होतं. शंभरएक जण धुक्याचे फोटो काढत होते. लिथगोला पेट्रोल भरा, पुढे महाग आहे. तिथला 'पाय', म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजतात तो, खाऊ नका. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. आम्ही घरून नेलेली थालीपीठं खाल्ली. न थांबता गेलात तर अडीच तास, या गाडीने साडेतीन. प्रदर्शनाचं तिकीट दहा डॉलर, टोपी जरूर न्या, सावली नाही.

आता इंजिनाविषयी. त्या काळी एकाच मोठ्या कंपनीचे अनेक ब्रँड असत. अमेरिकेत प्रत्येक ब्रँडला स्वतःचं इंजिन. कॅनडातल्या कारखान्यात मात्र एका ब्रँडची बॉडी दुसऱ्या ब्रँडच्या सांगाड्यावर चढवत आणि इंजिनही त्या दुसऱ्याचंच बसवत. कारखान्यातच, पहिल्या दिवसापासून. हे मला केतकीने रस्त्यातच सांगितलं होतं.

परीक्षक म्हणाले, "इंजिन कुणीतरी बदललंय." हातात एक जाडं पुस्तक होतं, ऑप्शनचे, म्हणजे गाडीत कारखान्याने काय काय बसवलं त्याचे, कोड त्यावरून जुळवत होते. मी मुखपृष्ठ वाचलं. अमेरिकेतल्या गाड्यांचं पुस्तक!

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळले आहेत. एका प्लांटच्या कोडने दुसऱ्या प्लांटचा माल कुणी शोधायला लागला, तर आम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवत असू.

"गाडी कॅनडाची आहे आणि तुमचं पुस्तक अमेरिकेचं," मी शाळेत नन्सनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत म्हणाले.

"सेम थिंग, लव्ह," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

लव्ह! मला! वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी!

मी केतकीकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे बघून हसून म्हटलं, "नो वरीज."

परतताना लिथगो मागे पडलं. मग मी रुमाल शोधायला समोरचा खण उघडला, तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद. कॅनडाहून मागवलेली कारखान्याची नोंद. गाडीच्या नंबरासकट सगळं त्यात होतं: टिंटेड काच, मागच्या सीटचा स्पीकर, आणि इंजिनाचा कोड, जो बॉनेटखाली आहे तोच.

"केतकी, हे तुझ्याजवळ होतं?"

"हो."

"मग दाखवलं का नाहीस, बये?"

"मावशी, तू ओरडू नको ना. ड्राइव्ह करतेय मी."

"ओरडत नाहीये. विचारतेय."

तिने गिअर बदलला आणि म्हणाली, "स्टुडंट असताना आम्ही एकच शिकलो. क्लिपबोर्डवाल्याशी वाद घालायचा नाही. कॉलेज बंद पडलं, गप्प. मालकाने शिफ्ट काढून घेतल्या, गप्प. व्हिसा त्यांच्या हातात. आता पीआर आहे, सिटिझनशिप आहे, पण कुणी पेन काढलं की माझं तोंड आपोआप हसतं."

त्या परीक्षकांचा मला राग आला होता. पण सतरा वर्षांपूर्वी तिथल्या कॉलेजांची गंगाजळी भरायला या मुलांना बोलावून, मान वर न करायची सवय लावणाऱ्या सगळ्यांचा त्याहून जास्त आला. त्यात मीही आले. फोनवर मीच सांगत असे, "जमवून घे गं, भांडू नकोस."

रविवारी जेवणाच्या टेबलावर क्लबला पत्र लिहिलं. मी मजकूर सांगितला. तिने त्यातले 'अक्षम्य' आणि 'अडाणी' खोडले, 'कृपया' मात्र मी खोडला. खाली सही करताना तिचा हात थांबला.

"तुझी सही चालेल ना, मावशी?"

"गाडी माझी आहे का?"

तिने सही केली. सोमवारी कारखान्याच्या नोंदीची प्रत जोडून रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

मी पुण्याला परतून महिना झाला. कटूम्बाचा तो कडा मला आठवत नाही, लिथगोचा 'पाय' मात्र आठवतो. आणि गॅरेजचं शटर खाली ओढताना केतकीने निळ्या पत्र्यावरून फिरवलेला हात. उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून मागणी इथेही नोंदवते. या लेखाची इंग्रजी प्रत क्लबला आजच जात आहे.

क्लबच्या सचिवांनी शुक्रवार, ३१ मे २०२४ रोजी सिडनीच्या घड्याळाने सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळवावं: कॅनडाच्या कारखान्याची नोंद हाती आल्यावरही शेरा कोणत्या आधारावर कायम आहे? आधार नसेल, तर शेरा खोडून दाखल्यावर सही करावी. फोन करू नये. उत्तर माझ्या नावाने पाठवू नये. ते केतकीच्या नावाने पाठवावं. ते तीच उघडेल, आणि पटलं नाही तर यापुढे वादही तीच घालेल.