फरदडीला फाटक बंद

परवा फोनवर तू सांगितलंस, की तुमच्या कंपनीत एक नवा विभाग निघाला आहे. माती, पाणी, किडे, पाखरं बिघडली तर एखाद्या धंद्याला काय धोका आहे, आणि त्या धंद्यामुळे ती किती बिघडतात, हे तो विभाग तपासतो. "आजी, हे अगदी नवं आहे गं, तुला समजवायला वेळ लागेल," असंही म्हणालीस. मी तेव्हा बोलले नाही, कारण तुझा भाऊ मागून जेवायला हाका मारत होता. आता नीट क्रमाने लिहिते. दोघांनी वाचा. हे आम्ही आपल्या जिनिंगच्या आवारात केलेलं आहे, आणि त्यासाठी मी अर्ध्या तालुक्याच्या शिव्या खाल्लेल्या आहेत.

आपली जिनिंग दारव्ह्याच्या रस्त्याला होती. खेड्यांतून आलेला कापूस तिथे यंत्रात घालून रुई वेगळी आणि बी, म्हणजे सरकी, वेगळी करायची. रुईच्या गाठी सूतगिरणीला जायच्या, सरकी तेलाच्या कारखान्याला. अर्धा हिस्सा तुमच्या आजोबांचा आणि अर्धा त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या भाऊजींचा, तुमच्या काकाआजोबांचा. आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. घरच्यांची अपेक्षा अशी, की कागद घरी येतील आणि मी सही करीन. मी ऑफिसात खुर्ची टाकून बसू लागले.

ती बोंडअळीची वर्षं. अळी लागतच नाही म्हणून घेतलेल्या बियाण्याला अळी लागली होती. बाहेरून बोंड हिरवंगार, टच्च दिसायचं. फोडलं की आत गुलाबी अळी आणि कुजकी, पिवळी रुई. आमच्याकडे असा डागाळलेला कापूस येऊ लागला आणि गाठींचा रंग उतरला. तेव्हा आमच्याकडून रुई घेणाऱ्या दक्षिणेतल्या सूतगिरणीने चौकशीला एक मुलगी पाठवली. तुझ्याच वयाची असेल. तिला मराठी येत नव्हतं, भाऊजींचं इंग्रजी जेमतेम, म्हणून मी दोघांच्या मध्ये बसले.

तिने आधी नेहमीचं विचारलं. भाऊजींनी धडाधडा सांगितलं: आग, वीज, मजूर, अवकाळी पाऊस. मग तिने विचारलं, "हा कारखाना कोणकोणत्या सजीवांवर अवलंबून आहे?"

मी मराठीत सांगितलं. भाऊजी म्हणाले, "माझ्यावर. थोडा वहिनींवर."

हिशेब बघणारे आमचे मुनीमजी हसले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सांगितलं, की ते विचार करताहेत.

"बरं, आणि कोणत्या सजीवांपासून धोका आहे?"

"साप," भाऊजी म्हणाले. "सरकीच्या गंजीत निघतात. लिही म्हणा तिला."

तिने साप खरंच लिहून घेतला. जाताना मला बाजूला घेऊन ती म्हणाली, की सगळे कारखानदार तिला काय येऊन आदळेल तेवढंच सांगतात. आपल्या आवारातून काय बाहेर जातं, हे कोणी सांगत नाही. ती गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. चाळीस मुलांच्या वर्गात एखादीने बरोबर प्रश्न विचारला आणि तास संपला, की मला रुखरुख लागायची, तसं झालं.

मी कृषी सहायकाकडून सापळे मागवले. प्लास्टिकचं नरसाळं आणि खाली पिशवी. आत मादीच्या वासाची गोळी ठेवायची, याच अळीचे नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. त्यांना कामगंध सापळे म्हणतात. भाऊजींना त्या नावाचाच संकोच.

"वहिनी, मजुरांसमोर तेवढं नाव घेऊ नका."

"मग काय म्हणू?"

"डबे म्हणा."

म्हणून आमच्याकडे ते डबे झाले. काही मी सरकीच्या गंजीभोवती टांगले, काही जवळच्या एका शेतात, जिथली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून रान मोकळं झालं होतं. शेतातल्या पिशव्यांत चार-दोन पतंग. आमच्या आवारातल्या पिशव्या गच्च. वेगळं काही समजावून सांगायला नको होतं. अळी कापसाबरोबर फाटकातून आत येत होती, सरकीत झोपत होती, आणि पंख फुटले की कुंपणावरून परत शेतात जात होती. कापूस खेड्यांनी आम्हाला दिला होता, आणि त्यांचा शत्रू आम्ही सांभाळून त्यांना परत पाठवत होतो.

आता तुम्ही विचाराल, की शेतात कापूसच उरला नाही तर तो पतंग जाऊन करणार काय? अगदी बरोबर. या अळीचं सगळं पोट कापसावर. उन्हाळ्यात काही महिने कुठेच हिरवी पऱ्हाटी नसेल, तर तिचा वंश आपोआप तुटतो. पण आपल्याकडे फरदड घेतात. म्हणजे वेचणी संपली तरी झाड उपटायचं नाही. विहिरीचं पाणी असेल तर दोनदा पाणी द्यायचं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा जो हलका कापूस फुटेल तो वेचायचा. घरातल्या जुन्या-जाणत्यांना त्यात काटकसर दिसायची. अळीला त्यात उन्हाळाभराचं अन्नछत्र मिळालं होतं, आणि तो कापूस विकत घेऊन ते छत्र चालवत होतो आम्ही.

मी भाऊजींना म्हटलं, जानेवारी संपला की फाटक बंद. फरदड घ्यायची नाही. सरकी लगेच हलवायची.

त्यांनी पंखा बंद केला. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी पंखा बंद करायचे.

"आपण नाही घेतला तर शेजारचा घेईल. अळी तेवढीच राहील. फक्त कापूस त्याचा होईल."

"होऊ दे."

"आणि पुढच्या हंगामात? माणसाला एकदा फाटकावरून परत लावलं की तो पुन्हा त्या फाटकाकडे बघत नाही, वहिनी. दिवाळीनंतर आवारात गाड्या नसतील. ही जिनिंग दादानं उभी केली आहे."

हे ते मला लागावं म्हणूनच बोलले, आणि लागलंही. पण खरेदी चालू ठेवायला दोघांची संमती लागायची, आणि माझी मी दिली नाही. त्यांनी वकिलाला विचारलं. वकील माझा विद्यार्थी निघाला. "मॅडमचं बरोबर आहे," एवढंच तो म्हणाला, आणि भाऊजी महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

फेब्रुवारीत मी फाटकाशी खुर्ची टाकून बसले. चौकीदाराला लोक दमदाटी करून आत घुसले असते. म्हातारीला ढकलून कोणी घुसणार नव्हतं. ते बळ माझ्याकडे होतं आणि मी ते वापरलं. छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, भरून एक बाई आली, चाळिशीची, डोक्याला रुमाल बांधलेला. पुढच्या सीटवरून उतरून थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"काहून बंद हाय?"

"फरदड घेत नाही आम्ही यंदा."

"कापूस हाय तो. शेन नाही आनलं."

"कापूसच आहे. आत अळी आहे."

"अळी तं दिवाळीतबी होती. तवा तुमी हासून घेतला."

हे खरं होतं. मी म्हटलं, "आता पऱ्हाटी उपटली तर अळीला उन्हाळाभर खायला मिळणार नाही, बाई."

"अन् मले?"

तिच्या विहिरीला पाणी होतं, तिने मेहनत केली होती, आणि हा कापूस फुकट पडला तर तिच्या घरातलं काहीतरी अडणार होतं. मला तिचं दुःख कळलं आणि तरीही मी फाटक उघडलं नाही. त्याची मला आजही लाज वाटत नाही. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "शिकल्या बाया लय कठीन," असं ड्रायव्हरला म्हणाली आणि गाडी शेजारच्या जिनिंगकडे वळवून घेतली. ती जिनिंग होळीपर्यंत चालली. आवाज आमच्या ऑफिसात ऐकू यायचा, आणि भाऊजी मुद्दाम खिडकी उघडी ठेवायचे.

डब्यांतल्या पतंगांमुळे उन्हाळाभर मी गावात फुलपाखरांची आजी होते. भाजीवाला विचारायचा, "आजी, किती पाळली?" मी गावोगाव जाऊन पऱ्हाटी उपटायला सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींनी चहा पाजून वाटेला लावलं.

मग हंगाम आला. खरेदीच्या पहिल्या दिवशी काट्याची पूजा असते. वजनकाट्याला झेंडूचा हार, पहिल्या गाडीच्या बैलांना कुंकू, गाडीवानाला टोपी आणि नारळ. आदल्या वर्षी या वेळी रस्त्यापर्यंत रांग होती. त्या सकाळी फाटकाबाहेर मोजक्या गाड्या होत्या. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ताटातली उदबत्ती लावली.

पहिली गाडी एका म्हाताऱ्या पाटलाची होती. भाऊजी टोपी घेऊन पुढे झाले, तेवढ्यात त्याने हात वर केला.

"थांबा. आधी सांगा. जानेवारीनंतर घ्यान का?"

अशा मुहूर्तावर नकार तोंडातून काढायचा नसतो. मुनीमजी खाली बघू लागले. भाऊजी माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे मला सरळ सांगत होते, आज तरी हो म्हणा, पुढचं पुढे बघू.

"नाही," मी म्हटलं. "जानेवारीनंतर नाही. याही वर्षी नाही, पुढच्याही नाही."

मागच्या दोन गाड्यांनी तिथेच बैल वळवले. धूळ आमच्या हारावर आली. म्हाताऱ्याने हात गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत घातला, तळातून मूठभर काढला आणि माझ्यासमोर धरला. पांढरा होता. कुठे डाग नव्हता.

"म्या पऱ्हाटी उपटली होती जानेवारीतच," तो म्हणाला. "बाकीच्याईनं नाही उपटली. त्याईचं त्याईपाशी."

"मग?" भाऊजींनी विचारलं.

"मंग आता तं घ्या," तो म्हणाला, आणि बैल काट्यावर घातले.