मुलुखियाचा दचका

हर्बी अलेक्झांड्रियाला शिकायला निघाला तेव्हा त्याच्या बापाने, अबूदैफने, गावभर सांगितलं की पोरगा हॉटेलाचा कारभार शिकायला चाललाय. कारभार म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं. खरं काय ते अबूदैफ स्टेशनवर, गाडी सुटायच्या बेतात असताना बोलला.

"तू स्वैपाक शिकायला चाललास हे मी गिळलं," तो म्हणाला. "पण नापास होऊन आलास तर मी लोकांना काय सांगू? बायका कडेवर पोर घेऊन जे करतात, ते माझ्या लेकाला जमलं नाही म्हणून?"

हर्बीने मान हलवली. आईने दिलेल्या, कणीक उन्हात फुगवून केलेल्या रोटांची गोणी त्याने एका हाताने उचलली होती, पण हे वाक्य काही वर्षभर खांद्यावरून उतरलं नाही.

समुद्रामागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर इन्शिराह मावशीकडे त्याला खोली मिळाली. मावशी विधवा, अंगाने भरलेली आणि जिभेने त्याहून भरलेली. हर्बीसारख्या सईदकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या नाईलकाठच्या माणसांवर अख्खा देश विनोद करतो. मावशीला ते सगळे पाठ होते आणि ती रोज एक सांगे. हर्बी हसे. सईदी माणसाने आपल्यावरचा विनोद आधी ऐकलेला असतो, तरी तो हसतो. याला मोठेपणा म्हणतात, पण शहरात त्याची गणना भोळेपणात होते.

गोणीतले रोट तीन आठवड्यांत संपले. मग हर्बीने गच्चीवर कणीक मांडली. त्याच्या गावात दोन तासांच्या उन्हात ती फुगून टम्म होते. इथे हिवाळ्याचे ढग, खारा वारा, आणि दुपारी जाऊन बघतो तर पांढरे समुद्रपक्षी परातीवर पंगत मांडून बसलेले. मावशी म्हणाली, "आमच्याकडे ऊनसुद्धा ओळखीशिवाय काम करत नाही, सईदी." तेव्हापासून सकाळी गाडीवरचा फूल, म्हणजे शिजवलेला घेवडा, आणि दुपारी स्वैपाकाच्या शाळेतलं जेवण, असा त्याचा क्रम पडला.

शाळेतल्या जेवणाचं एक होतं. जे बिघडेल ते बिघडवणाऱ्याने खायचं, असा तिथला नियम होता. पहिल्या दोन महिन्यांत हर्बीचं वजन सहा किलोंनी वाढलं, यावरून त्याची प्रगती कळावी.

हा नियम शेफ मुराद यांचा. त्यांनी बारा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये काढली होती आणि तिथून ते एक घड्याळ, एक तापमापक आणि न चढणारा आवाज घेऊन आले होते. त्यांच्या स्वैपाकघरात कुणी गुणगुणायचं नाही, पातेल्यावर पळी आपटायची नाही. प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड, त्यावर वजन, वेळ, पायरी. "जे कार्डावर नाही, ते पातेल्यात नाही," असं ते म्हणत. मला अशी माणसं आवडत नाहीत, पण त्यांच्या हातचं खायला मिळालं तर मी नियम पाळीन.

परीक्षेच्या महिनाभर आधी प्रत्येकाने चिठ्ठी उचलली. कुणाला परदेशी सूप आलं, कुणाला पाच थरांचा केक. हर्बीला आली मुलुखिया. वर्गाला हेवा वाटला, की सईद्याचं नशीब बघा. पाला बारीक चिरायचा, कोंबडीच्या रश्शात सोडायचा, वरून लसूण-धण्याची तुपातली फोडणी. जी पातळ भाजी देशातल्या प्रत्येक घरात आठवड्याला होते, ती आपल्याला न यायला काय झालं, असं हर्बीलाही वाटलं.

पहिल्या सरावात मुलुखिया पडली. म्हणजे पाला तळाशी बसला आणि वर हिरवट पाणी तरंगलं. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा त्याने कार्डाबरहुकूम तापमापक धरून केली, आणि आकडा वाचेपर्यंत ती पडली. प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे त्याने ती खाल्ली. चौथ्यांदा हिरव्या मिशा पुसत त्याने आईला फोन लावला.

आईने वजन विचारलं नाही की वेळ विचारला नाही. "दचका दिलास का?" एवढंच तिने विचारलं.

फोडणी पातेल्यात ओतताना बाईने पायाशी साप दिसल्यासारखा श्वास आत ओढायचा, शेजारी ऐकू जाईल इतका मोठा. हा मुलुखियाचा दचका. तो का द्यायचा, असं विचारू नये. मीठ का घालतात असं कुणी विचारतं का?

"आई, मी पुरुष आहे," हर्बी म्हणाला. "पांढरा कोट घालून उभा असतो मी तिथे."

"मग कोट खा," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

खरी अडचण अशी की सहा वर्षांचा असताना हर्बीने आईची नक्कल करत ओट्यावर असाच दचका दिला होता, आणि बापाने त्याच्या थोबाडीत मारली होती. ते पुरुषाचं काम नव्हतं. तेव्हापासून तो श्वास त्याच्या घशात अडकून होता.

हर्बीने हे सांगितल्यावर इन्शिराह मावशीने पदर खोचला नाही इतकंच, बाकी पूर्ण तयारीने ती शिकवणीला उभी राहिली. रिकामं पातेलं, रिकामी पळी, "हं, दचक." पहिला दचका उचकीसारखा निघाला. दुसरा उंट पाणी पितो तसा. दहाव्याला खालच्या औषधवाल्याने दम्याचा फवारा वर पाठवला. पंधराव्याला शेजारीण काळे कपडे घालून दारात आली आणि कोण गेलं म्हणून विचारू लागली.

"अजून कुणी नाही," मावशी म्हणाली. "मुलुखिया अत्यवस्थ आहे."

शेवटी हर्बी खुर्चीत बसला आणि म्हणाला, की मला लाज वाटते, मावशी, जमायचं नाही. मावशी पहिल्यांदाच विनोद न करता बोलली.

"तुझा बाप मुलुखिया खातो ना?"

"रोज दिली तरी खाईल."

"मग दचका त्याच्या पोटात वर्षानुवर्षं जातोच आहे. तुझ्या तोंडून निघाला म्हणून काय बिघडलं?"

हे पटलं, पण पटलेलं घशापर्यंत पोचलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तीन परीक्षक होते, मधोमध शेफ मुराद. पंख्याखेरीज कशाचा आवाज नाही. हर्बीने पाला चिरला, रश्शात सोडला, हलवला. लसूण तांबूस झाला. त्याने फोडणी उचलली, ओतली, चर्र झालं, आणि तोंड उघडून तो नुसता उभा राहिला. श्वास येईना. त्याला स्टेशनवरचा बाप दिसत होता. एक, दोन, तीन, चार. पातेल्याच्या कडेला पाण्याची बारीक रेघ दिसली. मुलुखिया पडायला लागली होती.

आणि हर्बी खरोखरच दचकला. असा दचकला की तो श्वास दारापर्यंत ऐकू गेला, आणि त्याच झटक्यात हाताने पातेलं विस्तवावरून उचलून बाजूला ठेवलं. पलीकडच्या पोरीचा केक कलला.

शेफ मुराद चालत आले. "हे काय होतं?"

ठसका लागला, असं सांगता आलं असतं. पण हर्बीच्या तोंडून खरं निघालं. "दचका, शेफ. फोडणीबरोबर देतात."

"कार्डावर दिसत नाही."

"नाही, शेफ."

त्यांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. कान लाल झालेल्या हर्बीने लिहिलं: पायरी नववी, दचका, एक, मोठा. शेफनी एक चमचा चाखला, मग दुसरा, मग कुणी पाहत नाही अशा समजुतीने रोटीचा तुकडा बुडवला.

संध्याकाळी कार्ड परत मिळालं. त्यावर लाल शाईत होतं: "उत्तीर्ण. पायरी नववी पाच सेकंद उशिरा. दचका ओततानाच द्यावा." हर्बीने ते तीनदा वाचलं. मग तो जिन्यात बसून हसला, आणि थोडा रडलाही.

फोन नेमका बापाने उचलला. हर्बीने पास झाल्याचं सांगितलं आणि कार्डही वाचून दाखवलं, लाल शाईसकट.

"पुरुषांसमोर दचकलास?" अबूदैफने विचारलं.

"तीन होते, बाबा. एक स्वित्झर्लंडहून आलेला."

"आणि पाच सेकंद उशीर झाला."

"हो."

"तुझ्या आईला कधी होत नाही," बाप म्हणाला. "मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत असतो ना." मग त्याने फोन बाजूला धरून आत हाक मारली, "अगं, ये इकडे. पोराचं कुठे चुकतंय ते नीट सांग त्याला."