साफ केलेलं गाणं

वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की अर्नाळ्याचं आमचं अंगण आठवतं. नाटकांत कामं केली, रेडिओवर बोललो, मग मी गाणी रेकॉर्ड करायला लागलो आणि बाबांना ओटीवर बसवून पहिलं गाणं त्यांच्याकडूनच गाऊन घेतलं. दोन कडव्यांच्या मध्ये, अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या आईने हाक मारली, “अवो, पानी प्यायला या.” मी चिडलो. नंतर कॉम्प्युटरवर तिची हाक पुसून टाकली, मूळ रेकॉर्डिंगही ठेवलं नाही. ती गेल्यावर कळलं, माझा आवाज जागोजागी रेकॉर्ड होऊन पडलाय, तिचा तेवढाच होता. बाबा अजून रोज ते गाणं लावतात, आणि त्या कोऱ्या जागेवर हळूच म्हणतात, “आलो.”