आदी तुमी खावा

वहिनी गेल्याचा निरोप भोरला पोचला तेव्हा मी शाळेत पाढे घेत होते. मार्गासनीहून एसटीनं आलेला शेजारचा माणूस वर्गाच्या दारात उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली. लोक म्हणाले, सुटली बिचारी. मला रडूही आलं नाही, कुठंतरी पाठ टेकावी एवढंच वाटलं. महिना होऊन गेला, तो शीण अजून अंगात आहे...

घशाचा कॅन्सर. शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, पहिला टप्पा संपवून पुण्याच्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं ते बजावून, की वजन वाढलं तरच पुढचे शेक, नाहीतर शरीराला ते सोसायचे नाहीत. थोड्या थोड्या वेळानं द्या, मऊ, कोमट, बिनतिखटाचं. दुधातुपाला हात आखडू नका. मी रजा काढून मार्गासनीला आले. पेज शिजवायची, त्यात काय मोठंसं, असं मला वाटत होतं.

शिजवणं सोपंच होतं. वाटी हातात दिली की वहिनी विचारायची, "त्यांनी खाल्लं?" तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा भातखाचरात असायचा. लग्न होऊन आल्यापासून त्याच्या आधी तिनं कधी तोंडात घास घातला नव्हता. पेज निवून जायची, वर साय धरायची.

"वहिनी, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"डाक्टरांच्या घरी रीत नसंल, वन्सं. हितं आदी म्या खाऊ व्हय?"

मी चिडले, शपथा घातल्या. ती हसायची आणि वाटी बाजूला सारायची. घसा भाजून निघालेला, बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकणाऱ्या, आणि ही बाई रीत सांभाळत बसलेली! राग यायचा, खरंच राग यायचा.

तोड दादानंच काढली. चिखलाच्या पायांनी बांधावरून यायचा, उंबऱ्यातच उभा राहून पेजेचे दोन घोट घ्यायचा, "झालं माजं, आता तू," म्हणायचा आणि परत चिखलात. दिवसातून कितीदा तरी. शेळीच्या दुधाचा त्याला लहानपणापासून तिटकारा, तरी नाक दाबून प्यायचा. लावणीचे दिवस, गडी खोळंबलेले. बायकोच्या बाळंतपणाचं ह्योच खातोय, म्हणून गावानं चेष्टा केली. त्याचे गाल वर आले. पण तिनंही खाल्लं. पुण्याला ती काट्यावर उभी राहिली तेव्हा डॉक्टरांनी मान डोलावली, आणि त्या दिवशी आम्ही तिघंही खूप हसलो.

पुढचे शेक झाले, तरी घसा मिटतच गेला. आधी पेज बंद झाली, मग पेजेचं पाणी, मग चमच्यानं दूध... तेही ओठांच्या कडेनं ओघळायचं. शेवटी शेवटी मी वाटी नेली की ती दादाकडं बोट करायची. आवाज गेलेला, कान जवळ न्यावा लागे. "तुमी खावा. म्या बघते." तो तिच्यासमोर बसून अख्खी वाटी सावकाश संपवायचा. त्याच्या तोंडाकडं बघत ती गिळल्यासारखं करायची. मला तिथं उभं राहवायचं नाही. रजा संपली तशी मी भोरला शाळेवर परतले.

परवा रविवारी मार्गासनीला जाऊन आले. दादाचे गाल बसलेत. शेजारीण भाकरी आणून ठेवते, ती तशीच वाळते म्हणाली. मी आमटीभात केला, रीतीप्रमाणे त्याचं ताट वाढलं आणि चुलीपाशी बसले. तो हात धुऊन पाटावर बसला, पण ताटाला हात लावेना.

"दादा, निवतंय."

"तुजं वाढून घे," तो म्हणाला. "आदी तू खा."

आमच्या घरात बाप्यांच्या आधी कुठलीच बाई जेवली नव्हती. मी वाढून घेतलं. पहिला घास घेतला, गिळला. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मग त्यानं भात कालवला.