उंच केलेली जीप आणि नातीची चावी

जीप उंच केली माझ्या मुलाने आणि हात वाईट ठरले माझ्या नातीचे. त्याला आता बरेच दिवस झाले. जीप नीट चालते, घरात सगळे एकमेकांशी बोलतात. माझा राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही करतही नाही.

आमचं घर देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या वाळूवर आम्ही. मुलगा पाहुण्यांना होडीतून फिरवतो, घरातल्या खोल्या त्यांना राहायला देतो. जेवण मी आणि सून करतो. जीप घेतली ती होड्या पाण्याबाहेर ओढायला. पण बाजाराच्या दिवशी ती माझी आणि नातीची. सुके बांगडे, सुकट, सोडे भरून आम्ही कसालला जातो. आतल्या गावांतले लोक तिथे येतात आणि पावसाळ्याचं सुकं घेऊन ठेवतात. पूर्वी मी एकटीच एस.टी.ने टोपली घेऊन जायची. नात गाडी शिकली तसा तिने हा धंदा वाढवला. वाटेतल्या खानावळी धरल्या, गिऱ्हाइकं जोडली. हे सगळं तिचं आहे आणि ते त्या जीपवर उभं आहे.

होडी ओढताना जीप उलटी पाण्यात घालावी लागते. भरतीला पाणी फार वर येतं म्हणून गाडी उंच करायची, असं मुलाने ठरवलं. कारण खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. तारकर्लीला कोणाकोणाच्या उंच जीपा त्याने बघितल्या होत्या. एका मित्राकडे जाऊन त्याने गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाला लांब पट्ट्या बसवल्या, मोठे टायर घातले. घरी आला तेव्हा मला आत चढायला पाय पोचेल अशी जागा सापडेना. मी म्हटलं, शिडी पण आणायची होतीस. तो हसला. त्या दिवशी तो फार खुशीत होता.

पहिल्याच बाजाराला नात मला म्हणाली, "आज्ये, गाडी हातात रवणा नाय."

मीही बघत होते. एवढी वर्षं मी त्या डाव्या सीटवर बसले आहे. मुलगा चालवायचा तेव्हा वळण संपलं की तो स्टेअरिंग सैल सोडायचा आणि ते त्याच्या तळव्याखालून आपोआप फिरून सरळ व्हायचं. आता तसं होत नव्हतं. वळवलं की तिथेच राहायचं. पोरीला प्रत्येक वळणानंतर ते हाताने ओढून परत आणावं लागत होतं. सरळ रस्त्यावरही गाडी डाव्या कडेला उतरायला बघायची, आणि चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंगला हिसका बसायचा. कसालला पोचेपर्यंत तिची मनगटं दुखायला लागली.

तिने घरी येऊन बापाला सांगितलं. तो म्हणाला, गाडीला काहीही झालेलं नाही, उंच गाडीची सवय व्हावी लागते. तरी ती सांगतच राहिली, तेव्हा त्याने काय केलं? वाळूची पोती भरून उजव्या बाजूला ठेवली. होडी एका अंगाला कलली की दुसऱ्या अंगाला वजन सरकवायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोर जाणतं. त्याचा बापही हेच करायचा आणि होडी सरळ चालायची. मुलाने जीपचीही होडी केली. किनाऱ्यावर वाळूत फिरवून दाखवली आणि म्हणाला, बघा, गेली की नाही सरळ? वाळूत कोणतीही गाडी चाकोरी धरून जाते. पण शेजारचे बाप्ये माना हलवत होते, आणि त्याला तेवढं पुरलं.

पुढच्या बाजाराला, पोती गाडीत असताना, देवबागच्या अरुंद रस्त्यावर समोरून रिक्षा आली. नातीने गाडी डावीकडे घेतली. तेवढ्यात पुढचं चाक खड्ड्यात गेलं, स्टेअरिंगला हिसका बसला आणि जीप रस्त्याकडेच्या कुंपणाच्या, चिऱ्यांच्या गडग्यावर जाऊन आदळली. ती हळू चालवत होती म्हणून आम्ही वाचलो. माझा गुडघा ठेचकाळला. टोपल्या उपड्या झाल्या, सुकट रस्त्यावर पसरली, आणि मी ती भरत असताना मुलगा धावत आला, त्याच्यामागून सून.

त्याने आधी मडगार्ड बघितलं. मग पोरीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही. जमलेल्या माणसांसमोर हात पुढे केला आणि म्हणाला, "चावी दी. ह्यो बायलमाणसांचो खेळ न्हय."

तिने चावी दिली. बाप्यांतला कोणीतरी हसला. तो कोण ते मला माहीत आहे, आणि त्यालाही माहीत आहे की मला माहीत आहे.

घरी आल्यावर मी मुलाला सांगितलं की स्टेअरिंग परत येत नाही, पूर्वी यायचं. तो टायर धूत होता. वर न बघता म्हणाला, "आये, तू सुकट इक. गाडीतला माका कळता."

मी आत गेले आणि सुनेला म्हटलं, आजपासून तुझ्या नवऱ्याच्या पाहुण्यांना माझ्या हातचं माशाचं कालवण मिळणार नाही. सून घाबरली. तिला म्हटलं, तुला करायचं असेल तर कर. ती चुलीकडे बघत म्हणाली, "माका तरी खंय जमता?" तिला चांगलं जमतं. पण तीही त्या रस्त्यावर पोरीशेजारी उभी होती.

तेव्हा पाहुण्यांना डाळ आणि बटाटा मिळाला. देवबागला येऊन लोक डाळ खायला लागले की बातमी पसरते. मुलगा माझ्यापुढे येऊन बसला, मला समजावू लागला, मग ओरडला, मग परत समजावू लागला. मी म्हटलं, मला तुझं काही नको. पुढच्या बाजाराला तू स्वतः जीप चालव, मी बाजूला बसेन, पोती काढायची नाहीत, जशी आहे तशी न्यायची. तो म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

कित्येक दिवसांत त्याने जीप किनाऱ्यापलीकडे नेलीच नव्हती. तारकर्लीपर्यंत तो गाणं गुणगुणत होता. मालवण सोडून चढाची वळणं लागली तशी गुणगुण थांबली. मी त्याच्या हातांकडे बघत होते. एका वळणाला त्याने जुन्या सवयीने स्टेअरिंग सैल सोडलं. ते तिथेच राहिलं. समोरून एस.टी. येत होती. त्याने दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं, गाडी तांबड्या मातीत उतरली, हेलपाटत वर आली आणि थांबली. एस.टी.चा ड्रायव्हर आम्हाला शिव्या घालून निघून गेला. मुलाच्या कपाळावर घाम होता.

मी म्हटलं, "तुझो हात बसाक नाय अजून."

कसालला पोचल्यावर बाजाराकडे न जाता त्याने गाडी थेट हायवेवरच्या गॅरेजात घातली.

तिथला मेस्त्री तिरसट माणूस होता. आधी त्याने पोत्यांकडे बघितलं आणि विचारलं, ह्या जीपला शीड कधी लावणार? मग खाली शिरला. बाहेर येऊन त्याने मुलाला जे सांगितलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं आणि मला ते समजलं, कारण समजण्यासारखंच होतं. पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं ती पिन थोडी मागे कललेली लागते. मग तिचा रोख चाक जमिनीला टेकतं त्याच्या थोडा पुढे पडतो आणि चाक तिच्यामागून ओढल्यासारखं येतं, म्हणून आपोआप सरळ होतं. मासळीच्या लिलावाकडे बर्फाच्या पेट्या ढकलायची गाडी असते, तिची पुढची बारकी चाकं गाडी ढकलली की फिरून आपापली मागे राहतात, तसंच. मुलाने लांब पट्ट्या घातल्या तेव्हा अख्खा ॲक्सल पुढे फिरला आणि पिनेचा तो कल निघून गेला. शिवाय स्टेअरिंगचा आडवा रॉड तिरपा झाला होता. खड्ड्यात पाटे दबले की रॉड चाकाला ढकलायचा आणि माणसाने न वळवता गाडी वळायची.

म्हणजे पोर सांगत होती तेच. शब्द तेवढे वेगळे.

मेस्त्री म्हणाला, गाडी उंच केली त्याच दिवशी हे करायचं असतं, उंच करणं हे अर्धंच काम. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून कल परत आणता येईल, रॉड पुन्हा आडवा व्हावा म्हणून खाली उतरणारा आर्म बसवता येईल, नंतर चाकांची अलाइनमेंट. पण एवढ्या उंचीला पाचर पुरणार नाही, गाडी थोडी खाली घ्यावी लागेल. मुलाने उंची तेवढीच ठेवायचा हट्ट धरला. मेस्त्रीने हात पुसले आणि पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "मग आणखी दोन भरा."

मुलाने गाडी खाली घेतली. मी तोवर बाजारात जाऊन बसले. नातीची गिऱ्हाइकं विचारत होती, मुलगी कुठे आहे? त्यांना खरं काय ते सांगितलं, काहीही झाकलं नाही.

काम झालं आणि जीप घरी आली. मुलाने चावी खिळ्याला अडकवली आणि कोणाकडे न बघता आंघोळीला गेला. नातीने चावीकडे बघितलं, घेतली नाही. बरोबर केलं. मी तो बाहेर येईपर्यंत थांबले आणि म्हटलं, घेतलीस रस्त्यावर, चार लोकांत. दिलीस खिळ्याला. हे मला चालणार नाही. तो म्हणाला, आता काय दवंडी पिटू? मी म्हटलं, पाहुणे उद्याही डाळच खातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या वर घ्यायला सगळे किनाऱ्यावर होते. तो हसणाराही होता. मुलगा जीपमधून उतरला, पोरीला हाक मारली आणि चावी तिच्यापुढे धरली. "गाडीतच खोट होती," एवढं म्हणाला. कोणी केली ते म्हणाला नाही. अजूनही म्हणालेला नाही.

तिने चावी घेतली आणि म्हणाली, "बाबा, बाजाराक तू ये. बाजूक बस."

तो आला. मला मागे टोपल्यांत बसावं लागलं. गडग्याच्या पुढच्या वळणाला तिने स्टेअरिंग फिरवलं आणि वळण संपताना दोन्ही तळवे उघडे केले. ते फिरून सरळ झालं. ती बापाकडे न बघता रस्त्याकडेच बघत होती. तो खिडकीबाहेर बघत होता, आणि कसाल येईपर्यंत बघत राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी मी कालवण केलं. पुढच्या बाजारापासून त्याला घरी ठेवलं, कारण ती डावी सीट माझी आहे.