धानाचं भाडं

पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची, हे मी मोबाइल बघता बघता ठरवलं. कोट घातलेला एक पोरगा त्यात रोज हिंदीतून सांगायचा की माणसानं झोपावं आणि त्याच्या पैशानं काम करावं. गोंदियातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवून मी इतका कावलो होतो की मला यातला झोपण्याचा भाग फार आवडला. नळ आणि टाकीच्या उदाहरणांत माझी हयात चालली होती. टाकी भरत नव्हती आणि मुलं ऐकत नव्हती. त्या पोराच्या मते उपाय सोपा होता. खोल्या बांधा, भाड्यानं द्या, मोकळे व्हा.

खोल्या बांधायला पैसा लागतो, हे मात्र तो जरा घाईघाईत सांगायचा. थोडा बँकेनं दिला. बाकीचा बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. बोदलकसाच्या तलावाच्या पाण्यावर आमची शेती होती, धानाच्या मोजक्या बांध्या. आई गेल्यावर बाबूजी तिथं एकटेच राहायचे आणि रोवण्याच्या दिवसांत बांधावर उभे राहून लावणी करणाऱ्या बायांशी भांडायचे. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "इकून टाक गा. आता माह्यानं होत नाई." मी ताबडतोब विश्वास ठेवला. सोयीच्या गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसतो. शेत विकलं, बाबूजी आमच्याकडे राहायला आले आणि घरामागं तीन खोल्या उभ्या राहिल्या.

खोल्यांना रंग लागला तेव्हा अक्षय्य तृतीया आली होती. बायकोच्या नात्यातलं लग्न होतं, कोहमाऱ्याजवळ. किल्ल्या बाबूजींकडे देऊन आम्ही गेलो. परत आलो तर दोन खोल्या भाड्यानं गेलेल्या! मला इतका आनंद झाला की चप्पल काढायच्या आधीच मी विचारलं, "भाडं किती ठरलं?"

"खोलीमागं सहा कट्टे."

"कशाचे कट्टे?"

"धानाचे. आनखी कायचे रायतेत?"

मी ओसरीवरच बसलो. आमच्याकडे शेत ठेक्यानं देतात ते अक्षय्य तृतीयेला, आणि मालकाचे कट्टे, म्हणजे पोती, येतात धान चुरून, मळणी झाल्यावर. मधल्या काळात मालक काही मागत नाही, मागितलं तर गाव हसतं. बाबूजींनी जन्मभर शेतं दिली होती, घेतली होती. खोली कधी दिली नव्हती. म्हणून त्यांनी माझ्या खोल्या, फरशी, नळ आणि पंख्यासकट, ठेक्यानं देऊन टाकल्या.

"नगद काऊन नाई मागतले?" रागात कधीकधी माझीही बोली बाहेर येते.

"पीक याच्या आधी कोन मागते गा? लाज नाई वाटत?"

पहिल्या खोलीत आमच्याच गावची, घरी धानाची शेती असलेली एक बाई होती. दोन पोरींना कॉलेजात शिकवायचं म्हणून तिनं गोंदियात बिऱ्हाड केलं होतं. दुसऱ्या खोलीत एक टेम्पोवाला होता, त्याचा भाऊ गावी शेती करायचा. मी आवाज जरा कडक करून बाईकडे गेलो. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "बाबूजीनं नारळ फोडला जी. आता बदलवाचा कसा?" नारळ फोडलेला करार मोडायला लागणारी छाती माझ्याकडे नव्हती. मी चहा पिऊन परत आलो.

बँकेला धान चालत नव्हतं. हप्ता माझ्या पगारातून जायचा. म्हणजे ज्या खोल्या मला नोकरीतून सोडवणार होत्या, त्यांच्यासाठीच मी आता नोकरी करत होतो. हे गणित मी वर्गात कधी शिकवलं नाही.

तिसरी खोली मात्र मी स्वतः दिली. बालाघाटकडचा एक फिरता विक्रेता होता, औषधं विकायचा, महिन्याच्या महिन्याला मोबाइलवरून भाडं पाठवायचा. पहिलं भाडं आलं तेव्हा मी फळ्यासमोर होतो. खिशात टिंग वाजलं आणि मी खडू हातात धरून एकटाच हसत उभा राहिलो. मुलं घाबरली. त्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे, थोड्या दिवसांचे सोबती आहात, अशा नजरेनं पाहून घेतलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शाळेतून आलो तर फाटकाशी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी. बाबूजी डोक्याला दुपट्टा बांधून ओरडत होते, टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ पाठीवर कट्टे वाहत होते. दोन्ही खोल्यांचं भाडं आलं होतं. मला बरं वाटलं. मग ते कट्टे कुठं चाललेत ते दिसलं. तिसऱ्या खोलीत!

"आणि तो औषधवाला कुठं गेला?"

तो आमच्या बैठकीत होता. लुंगी लावून, माझ्या सोफ्यावर, बायकोनं केलेले पोहे खात. "अंकलजी ने बोला, धान बिकने तक इधर ही रहो," तो म्हणाला. "बहुत अच्छे आदमी हैं."

भाड्याचं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून बाबूजी म्हणाले, "चूप बस. घरात जेवनाऱ्या पाहुन्याले भाडा मांगते का कोनी?"

भाडं ठेवायला भाडेकरू हलवला होता, आणि हललेला भाडेकरू पाहुणा झाला होता. माझा पारा चढला. बायको डोळ्यांनी नको नको म्हणत होती, तरी मी तिसऱ्या खोलीत गेलो. बाबूजी माझ्या आधीच तिथं जाऊन एका कट्ट्यावर बसले होते. दुसऱ्याचं तोंड उघडून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला होता.

"हे उद्याच्या उद्या सरकारी खरेदी केंद्रावर न्या," मी ओरडलो. "विका आणि खोली रिकामी करा. मला नोकरी सोडायची आहे, बाबूजी. या वर्गात मरायचं नाही मला."

त्यांनी हात बाहेर काढला नाही.

"तेथी सातबारा मांगतेत," ते म्हणाले. "कोनाचा दाखवू?"

सातबाऱ्यावरचं त्यांचं नाव माझ्या खोल्यांसाठीच उतरलं होतं.

"व्यापाऱ्याले इकू ना," मग तेच म्हणाले. "इकू. नाई कायले म्हनू? पन थोडे दिवस राहू दे. तू काम सोडासाठी एवढी मेहनत करून राहिला. माहा त तुह्याआधीच सुटला. सकारी उठतो, कोठी जाऊ?"

मला एकदम रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी शेजारच्या कट्ट्यावर बसलो. त्यांनी चार दाणे माझ्या हातावर ठेवले. "चावून पाय."

मी चावले. "चांगलं आहे."

"चांगला कायचा? ओला आहे," ते वैतागून म्हणाले. "मास्तर झाला, पन धान नाई समजला. उद्या वारवा लागन."

सकाळी सगळं आंगण वाळत घातलेल्या धानानं भरलं होतं. बाई आणि तिच्या पोरी कडेकडेनं, भिंतीला धरून नळावर जात होत्या. विक्रेता लुंगी खोचून, पायानं ओळी ओढत धान उलटवत होता आणि बाबूजी ओसरीवरून त्याच्यावर ओरडत होते, हिंदीत, झाडीबोलीत, जसं सुचेल तसं. ओळ वाकडी गेली की त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावत होते. कित्येक महिन्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी कडेनं गाडी बाहेर काढली आणि घंटा व्हायच्या आत शाळेत पोचलो. मला जायला शाळा होती.